थांबतील तेवढ्या बाटल्या

सकाळपासून आभाळ धुऊन पिळलेल्या पण वाळायला विसरलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. पाऊस नाही, ऊन नाही, वारा नाही. थंडी मात्र अशी की नळाचं पाणी बोटांना चावावं. तारीखराव उठला, त्याने केर काढला, जिन्याखालच्या खोलीपुढचे जोडे, छत्र्या, रद्दीचा गठ्ठा असं सगळं उचलून पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला नेलं. मग स्वयंपाकघरातलं टेबल एकट्याने ओढायला गेला आणि टेबलाचा पाय दारात अडकला.

"अहो, थांबा की जरा! एवढी कसली घाई?" बायको चहा तसाच ठेवून आली. "बाटल्या काय पळून चालल्यात?"

"पळून नाही, पण चालल्यात," तो म्हणाला.

दोघांनी टेबल तिरकं करून बाहेर काढलं. त्याने टेबलावर विजेरी ठेवली, कोरडं फडकं, खडूचा तुकडा, बूच काढायचा स्क्रू आणि दोन ग्लास. दुसरा ग्लास बघून बायकोने भुवई वर केली. दुसरा ग्लास तिचाच होता, हे काल रात्रीच ठरलं होतं. जन्मात कधी वाइन न प्यायलेली ती बाई आज त्याचं नाक होणार होती.

तारीखराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात तो स्टोअरकीपर होता आणि आयुष्यभर त्याने औषधांच्या खोक्यांवरच्या तारखा वाचल्या होत्या. सवय इतकी हाडात मुरलेली की कुणी बिस्किटाचा पुडा पुढे केला तरी आधी पालथा करून बघायचा. त्यावरून कुणा नर्सने नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्याला त्याचा राग नव्हता. उलट, माझ्या मांडणीवर एक गोळी कधी मुदत संपून मेली नाही, असं तो छाती काढून सांगायचा. युक्ती काही मोठी नव्हती. आधी आलेलं आधी जाणार. नवा माल आला की मागे सरकवायचा, जुना ओढून पुढे घ्यायचा, आणि हात घालायचा तो पुढच्यालाच. वॉर्डातून कितीही घाईचा निरोप येवो, मोठा डॉक्टर स्वतः खाली उतरून डोळे वटारो, मागचं खोकं पुढच्याआधी निघणार नाही म्हणजे नाही.

वाइनचा नाद त्याला लागला तोही हॉस्पिटलातच. एक सर्जन नोकरी सोडून दुसऱ्या गावी चालला होता. जाताना त्याने लाल वाइनची अख्खी पेटी तळघरात आणून ठेवली. "तुम्ही माझ्या सुया-दोऱ्यांची कधी ओढाताण होऊ दिली नाहीत. ही ठेवा. जितकी थांबाल तितकी चांगली होईल." तारीखरावाने पेटी घरी आणली आणि जिन्याखालच्या खोलीत हॉस्पिटलने भंगारात काढलेले रॅक बसवले. खोली अशी की उभं राहिलं तर डोकं आपटतं, आणि भिंत बाहेरच्या सावलीची, बारा महिने गार. रॅकच्या प्रत्येक ओळीला त्याने दोऱ्याने कार्ड बांधलं. काय आलं, कधी आलं, किती गेल्या, कोण वापरणार. अगदी तळघरासारखं.

मग दर शनिवारी संध्याकाळी एक बाटली. तो काही दारुडा नव्हता. अर्धा ग्लास घेऊन तो खुर्चीत बसायचा, आणि त्यातला बराचसा वेळ नाक ग्लासात. बायको म्हणायची, "पिता आहात की वाफ घेताय?" तो डोळे मिटून सांगायचा, यात पिकलेलं जांभळं फळ आहे, यात चामड्याचा नवा पट्टा आहे, यात पाऊस पडून गेलेली पायवाट आहे. बायको लॉण्ड्रीच्या काउंटरवर काम करायची. दिवसभर लोकांच्या घामाचे, अत्तराचे, सिगारेटचे वास घेऊन आलेली असायची. तिला या असल्या गोष्टींचं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, "मला विचाराल तर यात डाग आहे. टेबलक्लॉथवर सांडला की कळेल."

आणि एकदा सांडलाच. त्यानंतर घरात लाल वाइन बंद झाली. "लाल डाग मी दुकानात काढते. घरी येऊन परत काढणार नाही," असा हुकूम सुटला. तेव्हापासून त्याने पांढऱ्या आणि गुलाबी बाटल्याच आणल्या. तक्रार केली नाही. वास असला की झालं, रंगाचं काय.

गेल्या हिवाळ्यात घरात सगळ्यांना ताप आला. सगळ्यांचा ताप गेला. याचा जाताना नाक घेऊन गेला.

पहिले काही दिवस त्याला वाटलं, सर्दी आहे. मग एके दिवशी तळघरात स्पिरिटचं खोकं गळायला लागलं. हा शेजारीच बसून कार्डं भरतोय, आणि वरून फार्मसीवाली बाई कोटाच्या बाहीने नाक दाबून धावत आली. "अहो तारीखराव, मेलात की काय इथे? अख्खा जिना दरवळतोय! तुम्हाला नाकबिक आहे की नाही?" तो म्हणाला, "सर्दी झालीये." नंतर वर्षभर तो हेच सांगत राहिला. हॉस्पिटलातल्याच डॉक्टरने नाकात दिवा घालून बघितलं आणि सांगितलं, "वास यायचा असेल तर वर्षा-दोन वर्षांत येईल. नाही आला तर..." पुढचं त्याने हाताने सांगितलं.

"मग करायचं काय?"

"थांबायचं."

थांबणं तारीखरावाला जमण्यासारखं होतं. त्याने जिन्याखालच्या खोलीला कुलूप लावलं. नाक आलं की उघडू, माल कुठे जातोय, असा साधा हिशेब. बाहेरची एकेक गोष्ट गेली तरी ती खोली तेवढी जशीच्या तशी वाट बघत बसलीये, याचा त्याला आधार होता. बाकीचं जात होतंच. बायको संध्याकाळी घरी यायची तेव्हा पूर्वी दार वाजायच्या आधीच तिच्या अंगाचा वाफेचा, गरम कापडाचा वास पॅसेजमधून आत यायचा. आता ती एकदम समोर उभी दिसायची आणि तो रोज दचकायचा. मुलगी बाळंत झाली. सगळे बाळाच्या टाळूला नाक लावून म्हणत होते, अगबाई, काय गोड वास येतो! त्यानेही लावलं. मऊ होतं, गरम होतं. मुलगी त्याच्याकडे बघत होती म्हणून तो म्हणाला, "हो, येतो." मग बाळ परत दिलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं, असं त्याच्या लक्षात आलं. पण वाटलं नाही. नाकाबरोबर आत आणखी कसलीतरी तार तुटली असावी. जेवण म्हणजे नुसतं गरम किंवा गार, मऊ किंवा कडक. माणसंही तशीच होत चालली होती.

सगळं तसंच चाललं असतं. पण गेल्या आठवड्यात मेव्हणा आला. मेव्हणा प्लंबर. मोरीचा तुंबलेला पाइप त्याने फुकटात मोकळा केला म्हणून तारीखरावाला राहवलं नाही, त्याने कुलूप काढून एक पांढरी बाटली आणली. जुन्या सवयीने ग्लास फिरवला, नाक घातलं, "वा!" म्हणाला आणि दोन मोठे घोट घेतले. जिभेला आंबट लागलं. पांढरी आंबट असतेच. मेव्हण्याने घोट घेतला आणि त्याचे गाल आत चिकटले.

"दाजी," तो डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "हे प्यायचंय की फरशी पुसायचीये?"

बायकोने बाटलीला नाक लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "अहो, हे आंबून गेलंय! तुम्ही अर्धा ग्लास प्यायलात?"

मेव्हण्याला काही कळेना. ताईच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा दाजींचं नाक गेलंय हे कळलं. मिशीवर पालथी मूठ फिरवत त्याने दाजींच्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि मोरीत ओतला.

म्हणून आज ही मोजदाद. किती बाटल्या आहेत हा प्रश्न नव्हता, ते कार्डांवर होतंच. यातल्या कोणत्या आपलं नाक परत येईपर्यंत थांबतील आणि कोणत्या थांबणार नाहीत, एवढंच तारीखरावाला कळायला हवं होतं.

तो वाकून आत शिरला. मोजदादीचा त्याचा नियम होता, आधी हात, मग कागद. बाटलीला हात लागल्याशिवाय ती आहे असं धरायचं नाही. तो एकेक बाटली ओढायचा, विजेरी तळाशी धरायचा, बुचाला अंगठा लावून गळती बघायचा, फडक्याने लेबल पुसायचा आणि बाहेर द्यायचा. बायको मोठ्याने लेबल वाचायची. परदेशी नावं ती आपल्या मनाने उच्चारायची आणि ती बहुतेक शिव्यांसारखी ऐकू यायची.

"हे काय लिहिलंय? श्या... श्याब..."

"असू दे. पुढचं."

"असू दे काय? उद्या मेलात तर मला सांगता यायला नको, की हे अमुक तमुक ठेवून गेले?"

"उद्या नाही मरत. सुट्टी नाहीये उद्या."

प्रत्येक ओळीतली एकेक बाटली त्यांनी फोडायची ठरवलं होतं. जीभ त्याची, नाक तिचं. आंबट, गोड, कडू आणि तुरट एवढं त्याच्या जिभेला अजून कळायचं. तुरट तर चांगलंच कळायचं, कारण ते चवीपेक्षा स्पर्शासारखं होतं. तोंड आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखं. बाकीचा सगळा कारभार तिच्यावर.

पहिली बाटली. तिने हुंगलं आणि ग्लास लांब धरला. "ओले कपडे पिशवीत बांधून माणूस आठवडाभर विसरतो ना? पिशवी उघडली की जो भपकारा येतो, तो."

"बाद," तो म्हणाला आणि ओळीवर खडूने फुली मारली.

दुसरी. "सफरचंद कापून ठेवलंय आणि काळं पडलंय. वाईट नाही, पण काळं पडलंय."

"चालू. लवकर संपवायची." त्याने आडवी रेघ ओढली.

तिसरीला ती बराच वेळ नाक लावून बसली. ग्लास फिरवला, परत लावलं. "अहो, याला काही वासच नाही."

त्याने मान वर केली. डोकं जिन्याच्या पायरीला आपटलं. "काहीच नाही?"

"काहीच नाही. पाणी."

"म्हणजे माझ्यासारखीच झाली," तो डोकं चोळत म्हणाला. बायको हसली नाही. त्याने फुली मारली.

चौथ्या ओळीतल्या बाटलीला तिने नाक लावलं. मग न विचारता तिने एक घोट घेतला. आतापर्यंत ती नुसतीच हुंगत होती.

"काय गं?"

"थांबा." आणखी एक घोट. "सकाळी दुकानाचं शटर वर करते ना मी? तेव्हा आत अजून इस्त्र्या तापलेल्या नसतात, मशीन बंद असतात. बाहेरून एक गार झुळूक येते आणि स्वच्छ कपड्यांवरून जाते. तसं आहे. आणि कुठेतरी लांब, अगदी लांब, लिंबाची साल."

तारीखरावाने लिंबाची साल आठवून बघितली. पिवळी आली, खरखरीत आली, नखाने दाबली की बारीक फवारा उडतो तोही आला. वास आला नाही. आता नाकातच नव्हे, आठवणीतही तो नव्हता. लिंबाची साल हा नुसता शब्द उरला होता. त्याने आडवी रेघ ओढली आणि पुढच्या ओळीला हात घातला.

दुपारपर्यंत सगळ्या ओळी हात लावून झाल्या. फुल्या आणि आडव्या रेघा. थांबेल त्या ओळीला गोल काढायचा होता, तो एकही निघाला नव्हता. तारीखरावाला ते पटेना. वाइन थांबते हे तर शाळेतलं पोरही सांगेल. आपल्या दोघांचंच काही चुकत असणार. त्याने हात धुतले आणि जिच्याकडून इतकी वर्षं बाटल्या घेतल्या त्या वाइनच्या दुकानातल्या बाईला फोन लावला.

"काका! किती दिवसांनी! मला वाटलं तुम्ही दुसरं दुकान धरलंत."

"दुकान नाही धरलं. जरा तब्येत." त्याने विषय बदलला. "माझ्याकडच्या बाटल्या कितपत थांबतील ते सांगाल का? एकेक वाचतो." त्याने पहिलं नाव वाचलं.

"ही कधी नेलीत?"

"ताप यायच्या आधी. चार वर्षं झाली असतील."

"काका, मग ती गेली."

"गेली कुठे? इथेच आहे."

"तसं नव्हे हो," ती हसली. "ती वर्ष-दीड वर्षात प्यायची असते. हलकी पांढरी. पुढची सांगा."

तो सांगत गेला. गेली. जाईल. गुलाबी? गुलाबी तर आणली तशी प्यायची, काका. ही थोडी दमदार आहे, पण हे वर्ष शेवटचं धरा. पुढचं? पुढचं गेलं.

"सगळंच कसं जातं?" तारीखराव म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण बायको दारात येऊन उभी राहिली. "वाइन थांबते ना?"

"थांबते की. पण सगळी नाही. तुरट, जाड लाल थांबतात. दहा दहा वर्षं थांबतात. मी तुम्हाला दिल्या होत्या ना सुरुवातीला? आणि तुमच्या त्या सर्जनसाहेबांची पेटी, तिचं तर तुम्ही नाव सांगितलं होतंत तेव्हा मीच म्हटलं होतं, काका, ही नातवंडांपर्यंत जाईल. त्या कुठायत?"

"संपल्या."

"कधी?"

"सगळ्यात आधी. त्या आधी आल्या होत्या."

तिकडे बाई हसायला लागली, तोंडावर हात ठेवून हसतात तसं. "अय्यो, काका! म्हणजे ज्या थांबणाऱ्या त्या आधी संपवल्यात, आणि ज्यांना दम नाही त्या ओळीत उभ्या केल्यात?" मग तिने हसू आवरलं. "सॉरी हं. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटत," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

फोन ठेवून तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. सर्जनच्या बाटल्या त्याला नीट आठवत होत्या. इतक्या तुरट की तोंडाचं चामडं व्हायचं. तेव्हा त्याला वाटलं होतं, मोठ्या माणसांच्या आवडीनिवडीच वेगळ्या. नियमाप्रमाणे त्याने एकेक शनिवारी त्या संपवल्या आणि शेवटची संपली तेव्हा सुटलो म्हणाला. तळघरात ज्या शिस्तीने आयुष्यभर एक गोळी वाया गेली नाही, त्याच शिस्तीने घरातली सगळी खोली वाया घालवली होती. औषधाला एकच घाई असते. वाइनला प्रत्येकीची आपापली.

"माझ्यामुळे झालं," बायको म्हणाली. "मी लाल बंद केली नसती तर निदान मागच्या दोन ओळी तरी..."

"तुझं काय त्यात? मी त्याही आधीच प्यायलो असतो."

"अहो, पण तुम्हाला काही वाटतंय की नाही?" तिचा आवाज फाटला. "वर्ष झालं, मी बघतेय. नाक गेलं, तुम्ही सर्दी म्हणता. नात मांडीवर दिली, तुम्ही पार्सल घेतल्यासारखी घेतली. आता हे. चिडा तरी! एखादी बाटली आपटा भिंतीवर. मी पुसते, मला डाग काढता येतात!"

त्याने खरंच आत डोकावून बघितलं. रिकाम्या रॅकवर विजेरी फिरवावी तसं. "बघितलं," तो म्हणाला. "काही नाहीये गं. असतं तर दिलं असतं."

तेवढ्यात दार वाजलं. मेव्हणा आला होता, हत्यारांची पिशवी खांद्याला. पाइपचा वायसर बदलायचा राहिला होता हे निमित्त. त्याने पॅसेजमधल्या उघड्या बाटल्या, ग्लास, ताईचे लाल डोळे असं सगळं एका नजरेत घेतलं.

"ताई, सकाळी सकाळी बार उघडलास?"

"दुपार झालीये."

"मग तर काहीच हरकत नाही." तो पायरीवर तारीखरावाच्या शेजारी टेकला. "काय निघालं, दाजी?"

तारीखरावाने सांगितलं. फोनवरचं, सर्जनच्या पेटीचं, सगळं. मेव्हणा ऐकत राहिला आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हणजे तुम्ही पहिलवानांना आधी पळवलंत आणि आजाऱ्यांना रांगेत ठेवलंत!" आणि लगेच ताईकडे बघून, "बरं, नाही बोलत." मग हळूच विचारलं, "आता काय करणार? थांबणार?"

"कुणासाठी?" तारीखराव म्हणाला. "मी थांबीन. ह्या नाही थांबणार."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. वर्षभर त्याला वाटत होतं की खोली त्याची वाट बघतेय. खोली कुणाची वाट बघत नव्हती. आत एकेक बाटली आपापल्या वेळेला मरत होती आणि हा बाहेरून कुलूप लावून पहारा देत होता.

तो उठला. "तळघरात तारीख जवळ आली आणि आपल्या वॉर्डात मागणी नसली, की माल दुसऱ्या वॉर्डाला द्यायचा. मरू द्यायचा नाही. ती दुधाची क्रेट आण रे."

आडव्या रेघेच्या सगळ्या बाटल्या क्रेटमध्ये भरल्या. एका टोकाला मेव्हणा, दुसऱ्याला हा, असे ते इमारतीचे जिने चढायला लागले. दार वाजवायचं, बाटली पुढे करायची. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकेने दार अर्धंच उघडलं.

"कशाबद्दल? नातीबद्दल का?"

"नाही. कशाबद्दल नाही. तारीख जवळ आलीये. या आठवड्यात संपवा."

"म्हणजे खराब आहे?"

"अजून नाही. म्हणून तर देतोय."

तिने बाटली दोन बोटांत धरली. मेव्हणा मागून म्हणाला, "घ्या हो, घ्या. दाजींच्या हातचं औषध आहे, रोज झोपताना एक माप." ती हसली आणि दार पूर्ण उघडलं. तिच्या वरच्या मजल्यावरचा निवृत्त ड्रायव्हर म्हणाला की त्याला डॉक्टरने मनाई केलीये, आणि बाटली घेऊन टाकली. एका घरात फक्त पोरं होती, तिथून पुढे सरकले. कुणी उलट केक दिला, कुणी नुसतं बघत राहिलं. एका दारात एका तरुण बाईने तिथेच बूच उघडायला लावलं, हुंगलं, आणि "अगं बाई, केवढं छान!" म्हणत डोळे मिटले. तारीखराव तिच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिला. आपलेही असेच मिटायचे. मग त्याने क्रेट उचलली.

खाली आला तेव्हा बायको खोलीत वाकून काहीतरी बघत होती. सगळ्यात मागे, कार्ड न लावलेल्या, तीन लाल बाटल्या राहिल्या होत्या. बाळाच्या वेळी जावयाने आणलेल्या. त्या त्याच्या तापानंतर आल्या म्हणून सगळ्यांच्या मागे होत्या, आणि त्याने त्या मोजदादीत धरल्याच नव्हत्या. त्याचा हातच तिथवर गेला नव्हता.

"याच्यावर काय लिहिलंय? लाल आहे ना? तुरट असेल ना?"

त्याने विजेरी धरून लेबल वाचलं. "असेल. थांबेल ही. आठ-दहा वर्षं."

"मग गोल काढा."

"कशाला? तीन बाटल्या. एखादी तुझ्या भावाला देऊ, बाकीच्या..."

"नाही द्यायच्या." ती सरळ उभी राहायला गेली आणि तिचंही डोकं पायरीला आपटलं. "आई गं! नाही द्यायच्या म्हणतेय ना. या थांबणाऱ्या आहेत, यांना थांबू द्या. तुमच्यासाठी नाही. तुमचं नाक येवो न येवो. माझ्यासाठी."

"तू पिणार? लाल?"

"मी काय फक्त दुसऱ्यांचेच डाग हुंगायचे?" ती डोकं चोळत होती आणि चेहरा लाल झाला होता, सकाळपासूनच्या घोटांनी की कशाने कोण जाणे. "आज कळलं मला तुम्ही ग्लासात नाक घालून काय करत होतात ते. इतकी वर्षं वाटलं, सोंग आहे. तुम्ही मला शिकवा. कधी उघडायची, कशी धरायची. वास मी सांगीन, नावं तुम्ही सांगा."

मेव्हणा पाइपखाली आडवा पडलेला, तिथूनच ओरडला, "दाजी, ताईच्या नादी लागू नका, ती तिन्ही एकटीच संपवील!"

"तू वायसर बसव," ताई म्हणाली.

तारीखरावाने खडू घेतला. तीन बाटल्यांच्या ओळीवर गोल काढला. मग एक कोरं कार्ड घेऊन दोऱ्याने बांधलं आणि 'वापरणार' या रकान्यात, जिथे आजवर त्याने काहीच लिहिलं नव्हतं कारण पिणारा एकच होता, तिथे बायकोचं नाव घातलं. लिहिताना त्याला बरं वाटतंय का, हे त्याने तपासलं. तसं काही सापडलं नाही. पण अक्षर नीट आलं होतं, आणि ते पुसावंसंही वाटलं नाही.

"किती वर्षं म्हणालात?" तिने विचारलं.

"आठ. दहा."

"बरं." तिने ग्लास उचलले. "आता ते टेबल आत घ्या, मला जेवायला बसायला जागा नाही. आणि बटाटे सोला. भावाला उपाशी पाठवू का?"

त्याने कुलूप हातात घेतलं, मग ते खिळ्यावर टांगून ठेवलं, खोलीचं दार नुसतंच लोटलं. टेबल दोघांनी परत तिरकं करून आत नेलं. मग तो बटाट्यांची टोपली पुढ्यात घेऊन बसला, सुरी धुतली, आणि सोलायला लागला.